संत्र्याच्या ताणासाठी नियंत्रक: प्रोग्रामिंगची भाषा निवडतानाच्या प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

काल काटोलहून परत आले. निघताना मामांनी फाटकापाशी विचारलं, "औंदा डब्बा लावतं का वं? लावशीन त पक्का लाव." एवढंच. मागच्या वर्षाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. म्हणून यंदा कोडच्या आधी वही उघडली आहे.

मागच्या डिसेंबरात काय झालं ते आधी लिहून ठेवते. आंबिया बहारासाठी संत्र्याच्या झाडांना थंडीत ताण देतात. पाणी तोडायचं, पानं मलूल होईपर्यंत झाड उपाशी ठेवायचं, आणि जानेवारीत पाणी सुरू केलं की झाड फुलावर येतं. मामांची जमीन भारी, काळी. ओल खोलवर धरून ठेवते, त्यामुळे ताणाला दिवस जास्त लागतात. मधेच पाणी मिळालं तर झाड फुलाऐवजी नवती, म्हणजे नवी पालवी, फेकतं आणि तो बहार जातो.

पाणी आपोआप चालू-बंद करायला मी आर्डुइनो ऊनो या छोट्या बोर्डवर डबा, म्हणजे नियंत्रक, केला होता. पंचेचाळीस दिवस व्हॉल्व्ह बंद ठेवायचा, मग उघडायचा. एका दिवसाचे सेकंद मी ६० × ६० × २४ असे लिहिले आणि उत्तर ठेवायला लाँग, म्हणजे ३२ बिटांचा मोठा पूर्णांक, घेतला. पण ऊनोवरच्या एटमेगा३२८पी या ८ बिटी चिपसाठी कंपायलरचा (कोड चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामचा) इंट, म्हणजे साधा पूर्णांक, १६ बिटांचाच असतो. गुणाकार आधी इंटमध्ये होतो, लाँग नंतर येतो. ८६४०० त्यात मावत नाहीत, ६५५३६ गळून पडतात आणि उरतात २०८६४. म्हणजे डब्याचा दिवस ५ तास ४७ मिनिटं ४४ सेकंदांचा. असे पंचेचाळीस दिवस खऱ्या अकराव्या दिवशीच संपले. मामा लग्नाला वरूडला गेले होते. दोन दिवस पाणी चालू राहिलं. त्या व्हॉल्व्हवर साठ झाडं होती.

कंपायलरला ही चूक दिसली होती. आर्डुइनोच्या आयडीईत, म्हणजे कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये, इशारे मूळ सेटिंगमध्ये बंद असतात, आणि मी ते कधी चालू केले नव्हते.

यंदाचा प्रश्न असा मांडते: ही चूक मला टेबलावर कोण दाखवेल?

१३ नोव्हेंबर

हिंगण्याला दादाच्या वर्कशॉपमध्ये. दादा मोटार स्टार्टर आणि पॅनेल दुरुस्त करतो. कॉलेजात तो ८०५१ या जुन्या चिपवर, काइलच्या सॉफ्टवेअरमध्ये सी भाषा शिकला, १२८ बाइट रॅममध्ये प्रोग्राम बसवायची सवय त्याच्या हातात अजून आहे. पुढे मी नागपुरात नसले तर डबा तोच उघडणार, त्यामुळे या निवडीत त्याचं मत माझ्याइतकंच मोजायचं.

भाषेवर बोलायला बसलो आणि आधी चिपवर तासभर गेला. ते बरोबरच झालं. बागेत लाइनचा भरवसा नाही, डबा बॅटरीवर चालणार, आणि पंधरा मिनिटांतून एकदा ओल मोजून बाकी वेळ झोपणार. सगळा खेळ झोपेतल्या करंटचा. पिको हा दुसरा छोटा बोर्ड झोपेतही मिलिअँपिअरच्या आसपास घेतो. २००० मिलिअँपिअर तासांचा सेल त्या हिशोबाने २००० तास, म्हणजे ८३ दिवस, तेही काहीच काम न करता. एसटीएम३२एल०५१ ही चिप आरटीसी (आतलं घड्याळ) चालू ठेवून मायक्रोअँपिअरच्या घरात झोपते. पण तिच्यात फ्लॅश, म्हणजे प्रोग्राम ठेवायची जागा, ६४ केबी आणि रॅम ८ केबी. पिकोवर रॅम २६४ केबी.

मायक्रोपायथन, म्हणजे छोट्या चिपसाठीची पायथन भाषा, ८ केबी रॅमवर सुखाने नांदणार नाही. म्हणजे भाषा आधी ठरवली तर ती मोठी चिप मागते, आणि मोठी चिप बॅटरी खाते. वेगाचा मुद्दा आम्ही दोघांनी लगेच सोडून दिला. पंधरा मिनिटांतून एकदा जागं होणाऱ्या यंत्राला कुठलीही भाषा पुरेशी वेगवान आहे.

१६ नोव्हेंबर

तरीही मायक्रोपायथनला संधी न देता बाजूला सारणं मनाला पटेना. घरी पिको होता. एका संध्याकाळीत सेन्सर वाचला, व्हॉल्व्हला झटका दिला, लॅपटॉपवरून एकेक ओळ टाइप करून पिन हलवून पाहिल्या. हे सुख सीमध्ये नाही. आज २०१३–१४ मध्ये मायक्रोपायथन घडवणाऱ्या डेमियन जॉर्जला मनापासून धन्यवाद दिले.

मग मुद्दाम एक चूक घातली. ताण संपल्यावर चालणाऱ्या कोडच्या फांदीत व्हॉल्व्हच्या फंक्शनचं नाव एका अक्षराने चुकवलं. प्रोग्राम सुरू झाला, ओल मोजत राहिला, रात्रभर चालला. ती ओळ आलीच नाही, त्यामुळे चूकही आली नाही. बागेत ती ओळ पंचेचाळिसाव्या दिवशी आली असती.

आमच्या कामातली सगळ्यात महागडी ओळ वर्षातून एकदाच धावते. वेब सर्व्हरमधली चुकीची ओळ दिवसात हजार वेळा धावून आपोआप उघडी पडते. आमची पडत नाही. मायक्रोपायथन नियंत्रकात नको, हे आज नक्की. पण पिको टाकायचा नाही. तो टेबलावर खोटा सेन्सर, खोटा व्हॉल्व्ह आणि खोटं घड्याळ होईल, आणि मामांचा दीड महिना दहा मिनिटांत घडवून आणेल. त्या कामाला मायक्रोपायथनसारखं दुसरं काही नाही.

२० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी. दादा मत देऊन इकडेच आला. आज सी.

सीचं पारडं मुळातच जड आहे. १९७२ च्या सुमाराला डेनिस रिची यांनी बेल लॅब्समध्ये ती घडवली, आणि आजही नवीन चिप आली की कंपनी पहिल्यांदा सीच्या फाइली देते. आमच्या रेडिओचा, एसएक्स१२७६ चा, ड्रायव्हर सीमध्ये तयार मिळतो. दादाला सी येते. नागपुरात उद्या कुणाला पैसे देऊन दुरुस्ती करून घ्यायची म्हटली तरी सी येणारा माणूस सापडेल.

यंदा इशारे सगळे चालू, आणि प्रत्येक इशारा म्हणजे एररच. मागच्या वर्षीची ओळ जुन्या बोर्डसाठी याच पद्धतीने कंपाइल करून पाहिली. अडली. म्हणजे ती चूक भाषेची कमी आणि माझ्या सवयीची जास्त होती, हे इथे लिहिणं भाग आहे.

पण दुपारी दुसरीच अडचण आली. इंटरप्टमध्ये (मुख्य काम मधेच थांबवून चालणाऱ्या कोडमध्ये) बदलणारा एक झेंडा, म्हणजे खुणेचं व्हेरिएबल, मी व्होलाटाइल (दरवेळी नव्याने वाच, अशी कंपायलरला सूचना) न करता ठेवला होता. ऑप्टिमायझेशन (कंपायलरने कोड आटोपशीर करणं) बंद असताना सगळं चाललं. चालू केलं आणि मुख्य लूप त्या झेंड्याची वाट पाहत कायमचा थांबला, कारण कंपायलरच्या दृष्टीने तो लूपमध्ये कुठेच बदलत नव्हता. इशारा एकही नाही. मिस्रा सीच्या नियमावलीत (पहिली आवृत्ती १९९८ ची, मोटारगाड्यांच्या सॉफ्टवेअरसाठी) अशा कितीतरी खड्ड्यांभोवती कुंपण घातलं आहे. पण ते नियम तपासणारं चांगलं साधन बहुतेक विकत घ्यावं लागतं, आणि आम्ही दोघंच आहोत.

सी++ वर दहा मिनिटं बोललो. दोघांनाही तिचा सराव नाही, आणि तिचा कुठला भाग वापरायचा आणि कुठला नाही हे ठरवण्यातच महिना जाईल. सोडली.

२४ नोव्हेंबर

तीन दिवस रस्ट. २०१५ च्या मे महिन्यात १.० आवृत्ती आली तेव्हा मी कॉलेजात होते आणि ही ब्राउझरवाल्यांची भाषा म्हणून सोडून दिली होती. २०१८ च्या अखेरीपासून कॉर्टेक्स-एम चिपसाठी ती स्थिर कंपायलरवर चालते. आमच्या एल०५१ च्या कॉर्टेक्स-एम०+ साठी टार्गेट जोडायला एक आज्ञा पुरली.

पहिले दोन दिवस जड गेले. कंपायलरशी भांडत होते. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की तो दरवेळी एकच प्रश्न विचारतोय: ही वस्तू आत्ता कुणाच्या मालकीची आहे? सेन्सरला वीज देणारी पिन मी नकळत रेडिओच्या रीसेटलाही दिली होती. सीमध्ये दोन्ही ओळी गुपचूप कंपाइल झाल्या असत्या आणि मी सोल्डरिंग तपासत बसले असते. इथे पिन ही एक वस्तू आहे. ती सेन्सरच्या हवाली केली की रेडिओला द्यायला हातात उरतच नाही.

६० × ६० × २४ मुद्दाम १६ बिटांत लिहून पाहिलं. कुठलंही सेटिंग न बदलता कंपायलरने नकार दिला. बराच वेळ त्या एररकडे बघत बसले.

पण रस्ट सगळंच पकडत नाही. व्हेरिएबलमधली बेरीज ओव्हरफ्लो झाली, म्हणजे आकडा मावला नाही, तर डीबग (चाचणीच्या) बिल्डमध्ये पॅनिक होतं, म्हणजे प्रोग्राम तिथेच थांबतो, आणि रिलीज (शेवटच्या) बिल्डमध्ये आकडा गुपचूप फिरून शून्यावर येतो. ही तपासणी रिलीजमध्येही चालू ठेवायची एक ओळ प्रकल्पाच्या फाइलीत घातली.

लगोलग मिलिसेकंदांच्या काउंटरकडे वळले. ३२ बिटी काउंटर ४९ दिवस १७ तासांनी शून्यावर येतो. विंडोज ९५ याच आकड्यापाशी गोठायचं. आमचा ताण पंचेचाळीस दिवसांचा, कधी पन्नासचाही. अगदी त्याच उंबरठ्यावर! 'आत्ता वजा सुरुवात' असं चिन्हरहित वजाबाकीने मोजलं तर काउंटर मधे फिरला तरी उत्तर बरोबर येतं, पण अवधी एका पूर्ण फेरीपेक्षा कमी असेल तरच; पन्नास दिवसांना ते पुरत नाही. 'सुरुवात अधिक अवधी' काढून तुलना केली तर चुकतं. रस्टमध्ये फिरणारी वजाबाकी हवी असेल तर तसं वेगळं नाव घेऊन मागावी लागते, त्यामुळे हा विचार टाळता येत नाही. शिवाय लिनक्स कर्नलची युक्ती उचलली: तिथे काउंटरची सुरुवातच अशा आकड्यापासून करतात की बूट झाल्यावर पाच मिनिटांत तो फिरतो, म्हणजे चूक असेल तर पहिल्याच चहाच्या आत दिसावी. आमचा एका मिनिटात फिरतो.

२९ नोव्हेंबर

दादा आज स्पष्ट बोलला. "तू उद्या पुण्याला नोकरीला गेलीस, आणि जानेवारीत मामांचा फोन मला आला, तर मी हे काय वाचू?"

रास्त प्रश्न. माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून परीक्षा ठरवली. दोन्ही भाषांत नियंत्रकाचा तोच भाग तयार आहे. बदलही एकच द्यायचा: पाणी किती वेळ चालू ठेवायचं तो आकडा आता रेडिओच्या संदेशातून घ्यायचा. दादाने एकट्याने करायचा. मी शेजारच्या खोलीत, बोलायचं नाही.

२ डिसेंबर

परीक्षा झाली.

सीमध्ये दादाला वीस मिनिटं लागली. सगळे इशारे चालू, एकही आला नाही. रस्टला पूर्ण संध्याकाळ गेली, मधे तो दोनदा उठून गॅलरीत गेला. शेवटच्या तासात तो एकाच एररवर अडला होता: इथे सेकंद हवेत, तू मिनिटं देतो आहेस. मी दोन्हींसाठी वेगळे डेटा प्रकार केले होते.

तेव्हा त्याने सीची फाइल परत उघडली. संदेशात मिनिटं येतात, फंक्शन सेकंद घेतं, आणि दोन्ही नुसते ३२ बिटी आकडे. नव्वद मिनिटांऐवजी नव्वद सेकंद पाणी पडलं असतं. पंपाचा आवाज आला, दिवा लागला, सगळं ठीक वाटलं असतं, आणि झाडं सुकत राहिली असती.

सीमध्येही आकडा स्ट्रक्टमध्ये, म्हणजे स्वतः केलेल्या प्रकारात, गुंडाळून हे करता येतं, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "येतं, पण वीस वर्षांत मी एकदाही केलं नाही." मग थोडं थांबून, "रस्टच घे. मला वाचायला शिकव. लिहायचं नंतर बघू."

ठरलं. निर्णय घेणारा सगळा भाग रस्टमध्ये. रेडिओचा ड्रायव्हर आहे तसा सीमध्ये, मधे एकच अरुंद दार, आणि त्या दारातली प्रत्येक अनसेफ (रस्टची तपासणी जिथे पुरी लागू नाही अशी) ओळ दोघांनी मोठ्याने वाचायची.

६ डिसेंबर

आजची नोंद लांब होणार. काल रात्री टेबलावर तेच घडलं, ज्याच्या भीतीने ही वही सुरू केली.

आमचा व्हॉल्व्ह लॅचिंग सोलेनॉइडचा आहे. एक लहान झटका दिला की उघडतो आणि उघडाच राहतो. उलट्या पोलॅरिटीचा झटका दिला की बंद. मधल्या काळात वीज लागत नाही, म्हणून बॅटरीवर तोच परवडतो. पण याचा दुसरा अर्थ असा की उघडण्याचा झटका दिल्यावर प्रोग्राम मेला तर पाणी चालूच राहतं. विहीर आटेपर्यंत.

पिकोला रात्रभर रेडिओचे उलटसुलट संदेश पाठवायला लावलं होतं. सकाळी उठले तर खोट्या व्हॉल्व्हचा दिवा पेटलेला आणि बाकी सगळं स्तब्ध. एक संदेश अपेक्षेपेक्षा आखूड होता. मी लांबी न तपासता सहावा बाइट वाचला. रस्टने अ‍ॅरेच्या बाहेरचं वाचन पकडलं आणि पॅनिक केलं. इथपर्यंत उत्तम. ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय चालणाऱ्या रस्टमध्ये पॅनिकनंतर काय करायचं ते आपण सांगायचं असतं, आणि मी घाईत एक तयार क्रेट (रस्टची लायब्ररी) लावून ठेवलं होतं, जे अशा वेळी अनंत लूपमध्ये थांबतं. भाषेने चूक पकडली, आणि पकडून व्हॉल्व्ह उघडा ठेवला.

सीने इथे शेजारच्या मेमरीतला कचरा वाचून पुढे चाल केली असती. तेही नकोच. पण "पकडलं" एवढ्यावर मी निर्धास्त झाले होते, ते माझं चुकलं.

दिवसभर एरियान ५ डोक्यात होतं. ४ जून १९९६, पहिलं उड्डाण. दिशा मोजणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एडा भाषेत होतं. अशा चुका पकडण्यासाठी जिची ख्याती, ती भाषा. एरियान ४ साठी लिहिलेला भाग तसाच घेतला होता. ६४ बिटी दशांश आकडा १६ बिटी पूर्णांकात बसवताना मावला नाही, चूक पकडली गेली, आणि पकडल्यावर यंत्रणेने ठरल्याप्रमाणे स्वतःला बंद केलं. राखीव यंत्रणेतही तेच सॉफ्टवेअर, तीही बंद. साधारण ४० सेकंदांत रॉकेट गेलं. कॉलेजात ही गोष्ट मी ओव्हरफ्लोची गोष्ट म्हणून ऐकली होती. आज ती पकडल्यानंतरच्या क्षणाची गोष्ट वाटते.

आता आमचा क्रम असा. पॅनिक झालं की इंटरप्ट बंद, व्हॉल्व्ह बंद करण्याचा झटका, कारणाचा क्रमांक आरटीसीच्या बॅकअप रजिस्टरमध्ये (रीसेटनंतरही टिकणाऱ्या जागेत), मग रीसेट. हार्डफॉल्टलाही, म्हणजे चिपनेच पकडलेल्या गंभीर चुकीलाही, तेच. जागं झाल्यावर सगळ्यात आधी, घड्याळ आणि रेडिओच्याही आधी, पुन्हा एकदा बंदचा झटका. आणि या सगळ्याच्या पाठीशी स्वतंत्र घड्याळावर चालणारा वॉचडॉग, जो प्रोग्राम अडकला तर चिप रीसेट करतो.

पॅनिक हँडलर लिहिताना एक गंमत कळली. व्हॉल्व्हच्या पिना तेव्हा दुसऱ्याच्या मालकीच्या असतात, त्यामुळे त्या रीतसर मिळत नाहीत. लायब्ररीतल्या फंक्शनचं नावच चोरी अशा अर्थाचं आहे, आणि ते अनसेफ आहे. आपला नियम आपण कुठे मोडतोय ते कोडमध्ये ठळक दिसतं. मला हे आवडलं. दादाला समजावताना पाच मिनिटं पुरली.

१७ डिसेंबर

कपॅसिटर आणायला बर्डीवर गेले. अधिवेशन सुरू आहे, सिव्हिल लाइन्सकडून जायला तास लागला.

कपॅसिटर यासाठी: थंडीत बॅटरी दमलेली असताना उघडण्याच्या झटक्याने व्होल्टेज खचतं, चिप रीसेट होते, आणि मग बंद करायला जोर उरत नाही. ही गोष्ट कुठल्याच कंपायलरला दिसणार नाही. नियम केला: बंदच्या झटक्यापुरता चार्ज वेगळ्या कपॅसिटरमध्ये आधी साठवायचा, तो आहे हे मोजायचं, मगच उघडायचं. कोडमध्ये उघडण्याचं फंक्शन आता त्या मोजमापाचा पुरावा मागतं. पुरावा हा एक प्रकार आहे, आणि तो फक्त मोजणारं फंक्शनच तयार करू शकतं. न मोजता उघडण्याची ओळ लिहिलीच जात नाही.

२२ डिसेंबर

काटोल. डबा बसवला. मामांनी १ डिसेंबरपासून ताण दिला आहे. जमिनीला भेगा पडू लागल्यात, एका भेगेत सेन्सर मातीपासून सुटून हवेची ओल सांगत होता. झाडाजवळ, भेग नसलेल्या जागी पुन्हा पुरला.

मामांनी आमच्या व्हॉल्व्हच्या आधीचा हाताचा कॉक बंदच ठेवला. मी काही म्हटलं नाही. तो त्यांचा हक्क आहे.

मी समजावत होते की पंचेचाळीस दिवस भरले की डबा आपोआप ताण तोडेल. मामांनी ऐकून घेतलं आणि एक डहाळी वाकवून माझ्यापुढे धरली. "पान पाहून ताण तोडतात वं बाई. दिस मोजून कोन तोडते? औंदा थंडी कमी हाय, पान लवकर कोमेजीन. कोन्या साली पन्नास दिस लागतात. तुह्या डब्ब्याले पान दिसते का?"

दिसत नाही. दोन वर्षं मी ती एक ओळ बरोबर कशी लिहायची याच्या मागे होते. १६ बिट, ३२ बिट, तीन भाषा. ती ओळ डब्यात असायलाच नको होती, आणि हे मला मामांना पहिल्याच दिवशी विचारता आलं असतं.

परतताना गाडीत दादाशी बोलून ठरवलं. आपोआप तोडणं काढायचं. डब्यावर एक बटन. मामांनी ते पाच सेकंद दाबून धरलं तरच ताण संपेल.

२६ डिसेंबर

बदल केला. ताणाच्या अवस्थेतून बाहेर पडायला परवानगी नावाची वस्तू लागते, आणि ती बटनाचं मॉड्यूल सोडून कुठेही जन्माला येऊ शकत नाही. दिवस मोजणारा काउंटर आता फक्त पडद्यावर आकडा दाखवतो.

हा बदल दादाने लिहिला. मी वाचला. एका जागी कंपायलरने त्याला अडवलं, दोन जागी मी.

५ जानेवारी २०२५

डबा चालू. एकदा रीसेट झाला, बॅकअप रजिस्टरमध्ये वॉचडॉगचा क्रमांक. रेडिओच्या सी ड्रायव्हरमध्ये एक वाट पाहणारा लूप आहे, त्याला वेळेची मर्यादा नाही. मर्यादा घातली. कॉक बंद होताच, पण डब्याने व्हॉल्व्हही बंदच ठेवला होता.

१८ जानेवारी

सकाळी सातला मामांचा फोन. अठ्ठेचाळीस दिवस झाले, पान उतरलं, आज तोडतो. फोन चालूच ठेवला. आधी कॉक उघडल्याचा आवाज आला, मग त्यांनी मोठ्याने पाचपर्यंत मोजलं.

७:०४ ला उघडला. ८:३४ ला बंद. कपॅसिटर दोन्ही वेळा पुरेसा भरलेला.

"कॉक बंद करू का वं?" मामांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "राहू दे."

उरलेली कामं: दुसऱ्या सेन्सरचं कॅलिब्रेशन. मे महिन्यात पेटीच्या आतलं तापमान मोजायचं, नागपूरने २०१३ च्या मेमध्ये ४७.९ अंश पाहिले आहेत, आणि बंद पेटीत त्याहून जास्त होईल. दादाला अनसेफचा धडा शिकवायचा राहिलाय, रविवारी.